केवणीची सांगड

“ह्ये तरंगल का?”

बाबा ऑफिसात आले की बसायच्या आधी हा प्रश्न यायचा. समोर जे दिसेल ते उचलायचं, तळहातावर ठेवून हात दोनदा खालीवर करायचा, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं. पिण्याच्या पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरचा रिकामा ड्रम, कॉम्प्युटरच्या खोक्यातलं थर्माकोल, टाकीचं फुटकं झाकण. एकदा त्यांनी माझ्या टेबलाच्या पायावर बोटं वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बाबा, हे सरकारी आहे. हे बुडणारच.” ते हसले नाहीत. शिपाई मात्र दिवसभर हसत होता.

तुमचं कधी ग्रामपंचायतीत काम पडलं असेल तर अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. एका दाखल्यासाठी येतात आणि मग येतच राहतात. मी ग्रामसेवक आहे, सव्वीस वर्षं हेच करतो आहे, आणि अशा माणसांना टाळायची कला मला चांगली येते. मान न उचलता ‘बसा’ म्हणायचं आणि लिहीत राहायचं. बाबांच्या बाबतीत ती कला मला वापरता आली नाही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. रजिस्टरात एकदा माझ्या हाताने लिहिलं आहे, तेवढं पुरे.

गाव मुरबाड तालुक्यातलं, काळू नदीच्या काठावर. पलीकडे शहापूर. मी शहापूरला राहतो आणि रोज मोटरसायकलवरून नदीवरची फरशी ओलांडून गावात येतो. फरशी म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. पावसाळ्यात पाणी त्याच्या अंगावरून जातं. ही फरशी व्हायच्या आधी बाबा तिथे सांगड चालवायचे.

सांगड म्हणजे काय, हे मला या गावात आणि तेही चारचौघांत कळलं. मी नवा होतो. पहिल्याच ग्रामसभेत भाषण ठोकलं, की आपल्याला शासनाच्या विविध योजनांची सांगड घालायची आहे. हे वाक्य आम्हाला वरून येतं, आम्ही ते खाली ढकलतो. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. डोक्याला टॉवेल, अंगात बंडी, बोटं बांबूच्या पेरांसारखी जाड.

“भाऊसाहेब, कुठल्या लाकडाची घालनार?”

सभा हसली. मीही हसलो, कारण मला काहीच कळलं नव्हतं.

“पांगाऱ्याची घाला,” ते शांतपणे म्हणाले. “सागाची घातली तं बुडाल.”

नंतर सरपंचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हलके ओंडके किंवा कळक एकत्र बांधून पाण्यावर टाकतात, त्याला सांगड म्हणतात. कळक म्हणजे इथला जाड, पोकळ बांबू. आणि हा माणूस तीस पावसाळे त्या सांगडीवरून लोकांना नदीपार नेत होता. बाळंतिणी, नवऱ्या, शाळेतले गुरुजी, एकदा एक म्हैस. जन्मभर मी तो शब्द वापरत आलो होतो, आणि ती वस्तू पाण्यावर टाकायची असते हे मला ठाऊक नव्हतं.

फरशी झाली तेव्हा बाबांनी स्वतः नारळ फोडला, असं लोक सांगतात. सांगड सोडली आणि तिचे कळक गोठ्याच्या मांडवाला लावले.

त्यांचा एकुलता मुलगा वाशिंदला एका कारखान्यात कामाला होता. सत्तावीस वर्षांचा, लग्नाला दीड वर्ष झालेलं. श्रावणात एका संध्याकाळी शिफ्ट संपवून घरी येत होता. फरशीवर पाणी होतं. गुडघाभरच होतं म्हणतात. अलीकडे उभ्या असलेल्या दोघांनी त्याला ‘थांब’ म्हणून हाका मारल्या. त्याने गाडी घातली. गाडी दुसऱ्या दिवशी दोनशे पावलांवर खडकात सापडली. तो सापडला नाही. बचावपथकाने आठ दिवस शोधलं, मग त्यांची रबरी होडी ट्रकवर चढली आणि गेली.

“तीस वर्सांत सांगडीवरनं येक मानूस गेला नाय,” बाबा म्हणाले. त्यापलीकडे फरशीबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

पंधराव्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन बसले. त्यांना मुलाच्या मृत्यूचा दाखला हवा होता.

मी रजिस्टर उघडलं. नाव, वय, तारीख आणि मग एक रकाना असतो: मृत्यूचे ठिकाण. मी त्यांना समजावलं, की देह नाही, पंचनामा नाही, म्हणजे ठिकाण नाही, आणि ठिकाण नाही तर मी लिहू शकत नाही. सरकारदप्तरी तो बेपत्ता. सात वर्षं वाट पाहायची, मग कोर्टात जायचं. हे सगळं मी हळू, गोड आवाजात सांगितलं. आपण किती छान समजावतो, असं तेव्हा मनात आलं होतं. आज आठवलं की लाज वाटते.

“सात वर्सं,” ते म्हणाले. “तवर सून तिशीला येल.”

मग हळूहळू घरातली गोष्ट बाहेर आली. त्यांच्या बायकोने, जिला सगळं गाव आजी म्हणतं, मुलगा गेला हे मानलंच नव्हतं. “पोर कामाला गेलाय, येल,” म्हणायची. रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि सकाळी गुरांना घालायची. दहावं करू देत नव्हती. सुनेने कुंकू पुसायचं नाही, माहेरी जायचं नाही, कारण नवरा यायचा आहे. पोरगी तेवीस वर्षांची. धड सवाशीण नाही, धड विधवा नाही, अशी ती त्या घरात भाकऱ्या थापत होती. कसाऱ्याकडचं एक स्थळ होतं, रेल्वेत गँगमन, पहिली बायको वारलेली. सुनेच्या माहेरची माणसं येऊन विचारून गेली होती. बाबांना ते पसंत होतं. सुनेचं पुढचं आयुष्य मार्गी लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण म्हातारीपुढे ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. एक हाडसुद्धा नव्हतं.

“तुमी लिवलं तं ती मानंल,” बाबा म्हणाले. “तुमच्या बुकाचा तिला लई धाक.”

“ठिकाण पाहिजे, बाबा.”

“ठिकान मी आनतो. तुमी लिवायची तयारी ठेवा.”

आधी ते काठाने चालत गेले. चार दिवसांनी परत आले तेव्हा पिंढरीवर कुत्रं चावल्याची खूण होती. नदीचा काठ आता मोकळा राहिलेला नाही. फार्महाऊसच्या भिंती थेट पाण्यात उतरल्या आहेत, तारांची कुंपणं आहेत, पाट्या आहेत. एका वॉचमनने त्यांना चोर समजून दुपारभर बसवून ठेवलं होतं. मुलाला शोधतोय म्हटल्यावर त्याने विचारलं, किती वर्षांचा आहे, हरवला कुठे.

“काठ इकला लोकांनी,” ते मला म्हणाले. “पानी आजून हाय. पान्यातनं जातो. खाडीपातूर.”

आणि मग सुरू झालं ते ‘ह्ये तरंगल का’.

कळक त्यांनी नवरात्रातल्या चांदण्यात तोडले. आमच्याकडे हे कोणी करत नाही. कळक तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडला तर त्याला भुंगा लागतो आणि आतून त्याचं पीठ होतं. गावाला हे शिकवणारे बाबाच, आणि आता तेच भर उजेड्या पंधरवड्यात कोयता घेऊन कळकाच्या बेटात शिरले. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं लोक बोलायला लागले. मी विचारलं.

“भुंगा लागायला सा म्हयने,” ते म्हणाले. “मला बारा दिस पुरं. आवसेची वाट बघितली तं पानी उतरंल.”

पांगाऱ्याचे दोन ओंडके, नऊ कळक, आणि डेडस्टॉकमधून मी ‘निकामी’ म्हणून काढून दिलेले दोन ड्रम. माझ्या नोकरीतला हा पहिला गैरव्यवहार. बांधायला नायलॉनची दोरी आणून दिली, ती मात्र त्यांनी परत केली. नायलॉन भिजला की सैल पडतो, केवणी भिजली की आवळते, असं त्यांचं म्हणणं. केवणी म्हणजे रानातलं मुरुडशेंगेचं झुडूप. तिची साल ओढ्यात कुजवायची, धुवायची, वाख काढायचा आणि पीळ घालून दोर वळायचा.

तो पीळ सुनेने घातला. एका दुपारी मी त्यांच्या अंगणात गेलो तर बाबा वाखाचं एक टोक धरून बसलेले, आणि दुसऱ्या टोकाला ती, पदर खोचून, मांडीवर तळहाताने दोर वळत. ज्याला शोधायला हा दोर, त्याची ती बायको, आणि दोर चांगला व्हावा म्हणून ती मन लावून वळत होती. आजी ओट्यावर पाठ करून तांदूळ निवडत होती.

“आजी, बाबा निघाले वाटतं,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“मासं धराया जात असंल,” ती न वळता म्हणाली. “पोराला आवडतं.”

सुनेचा हात थांबला आणि पुन्हा वळायला लागला. तिथून कधी एकदा निघतो असं मला झालं.

जाण्याआधी बाबांनी माझ्याकडे एक चिठ्ठी मागितली. कुणी अडवलं तर दाखवायला. मी लेटरहेडवर लिहिलं: सदर इसम आपल्या मुलाच्या शोधार्थ नदीमार्गे जात असून त्यांना सहकार्य करावे. खाली सही, शिक्का आणि माझा मोबाइल नंबर. असं पत्र द्यायचा मला अधिकार नव्हता. बाबांनी ते कळकाच्या एका नळीत सरकवलं, वर लाकडी बूच ठोकलं आणि नळी सांगडीच्या पुढच्या टोकाला बांधली.

“आता ही सरकारी झाली,” मी म्हटलं. “बुडायला नको म्हणजे झालं.”

या वेळी ते हसले. त्या वर्षात ते एकदाच हसले असावेत, आणि ते माझ्या वाट्याला आलं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीच्या खालच्या अंगाला त्यांनी सांगड पाण्यात लोटली. बरोबर नाचणीच्या भाकऱ्या, सुकट, कोयता आणि एक लांब काठी. शेतात भात कापायला आलं होतं, ते शेजाऱ्यांवर सोपवलं. शेवटची गाठ सुनेने मारली. घोटाभर पाण्यात ती उभी होती आणि सांगड वळणाआड जाईपर्यंत तिथून हलली नाही. आजी आली नाही.

पुढच्या आठवड्यात शिपायाने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी फार्महाऊसच्या गच्चीवरून कुणी काढलेला. सांगडीवर उकिडवे बसलेले बाबा, काठीने झाडाच्या मुळांत ढोसून पाहतायत. एका ठिकाणी थांबतात, वाकतात, हात घालतात, काहीतरी ओढून काढतात. ती गोणी असते. परत टाकतात आणि पुढे जातात. त्याला कुणीतरी नाचायचं गाणं लावलं होतं, आणि वर लिहिलं होतं, ‘आजोबांची मजा’. हजारो लोकांनी अंगठे दिले होते. शिपाईही सुरुवातीला हसत होता, मग त्याला ते कोण आहेत हे कळलं.

बाराव्या दिवशी बाबा परत आले. कल्याणहून भाजीचा रिकामा टेम्पो गावाकडे येत होता, त्यात बसून. सांगड नव्हती. घरी न जाता आधी माझ्याकडे आले. टेबलावरचं काही उचललं नाही, काही विचारलं नाही.

“लिवा,” ते म्हणाले. “टिटवाळ्याच्या अलीकडं. मोठा उंबर हाय, मुळ्या पान्यात. तिथं अडाकला व्हता. करदोऱ्यावरनं वळाखला.”

“मग?”

“सांगड फोडली. वाळलेली लाकडं जमवली. तिथंच अग्नी दिला.”

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. साक्षीदार नाही, पंचनामा नाही, हद्दही आमची नाही. जिथे मयत झाली तिथे नोंद, असा नियम. मी हे सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज तितका गोड निघाला नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले. “मी घरी सांगनार का भाऊसाहेबांनी लिवलं. येवढं चालंल का?”

मी रजिस्टरकडे बघत राहिलो. तेवढ्यावर ते उठले.

पुढचं शेजाऱ्यांनी सांगितलं. आजीने सगळं ऐकलं, उंबराचं, करदोऱ्याचं, अग्नीचं. मग एकच विचारलं, “बुकात लिवलं?” बाबा म्हणाले, लिवलं. ती उठली, झाकून ठेवलेलं ताट गुरांना घातलं, राखेने घासलं आणि पालथं ठेवलं. त्यानंतर ती रडली. दहावं झालं, तेरावं झालं. सुनेने कुंकू पुसलं. घर ज्या गाठीत अडकलं होतं ती सुटली.

महिनाभराने मला फोन आला. खाडीकाठचा कुणी मासेमार होता.

“तुमच्या गावचा एक तराफा इथे तिवरांत अडकलाय. नळीत तुमचं पत्र मिळालं. माणूस बरा आहे ना?”

“बरा आहे. घरी आला,” मी म्हणालो. मग विचारलं, “तराफा कसा आहे?”

“एकदम ठणठणीत. गाठी सुटता सुटत नाहीत.”

तो तुम्हीच ठेवा, असं सांगून मी फोन ठेवला. ऑफिसात नको म्हणून चालत बाबांच्या शेतावर गेलो. ते बांधावर बसून पेंढ्याच्या काडीने दात कोरत होते. मी उभ्यानेच सांगितलं.

“सांगड मिळाली, बाबा.”

त्यांनी काडी टाकली. ते समोरच्या कापलेल्या खाचराकडे बघू लागले. मला वाटलं आता उठून जातील.

“रोज दोन्ही काठ बघितलं,” ते म्हणाले. “बंधारं, मुळ्या, खडक. उंबर दिसला का मनात यायचं, हितं असंल. काय नाय. टिटवाळ्याच्या फुडं पानी रुंद झालं. मंग खारट लागलं. आन येके सकाळी सांगड उलटी चालली.”

“उलटी?”

“वरती. घराकडं. काठी न मारता. जलम नदीवर काढला, आसं कदी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, ही परत देती. जे नेलं ते परत आनून देती. दोन दिस तिथंच थांबलो, भाऊसाहेब. पानी वर यायला लागलं का हुबा राहायचो. म्हटलं आता येल. प्लास्टिक यायचं, हार यायचं, फोटो यायचं देवाचं. येक निळी चप्पल चार येळा आली. वर गेली, खाली गेली, वर गेली, खाली गेली.”

मी त्यांच्याशेजारी बसलो. डोंगरातल्या नदीवर वाढलेल्या माणसाला भरती कुणी दाखवलेली नसते. मी भूगोलात शिकलो होतो, पण मलाही त्यांना ते आधी सांगावंसं सुचलं नव्हतं.

“मंग येक जाळंवाला म्हनला, बाबा, ह्ये रोजचं हाय, ही भरती. मंग मला कळलं. तिथं ठिकानच नाय. गेलेलं काय येका जागी थांबतच नाय. तुमच्या रकान्यात काय लिवनार?” ते थांबले. “सांगड तशीच सोडली. रिकाम्या हातानं घरी जाता येना. तुमची चिठ्ठी तिच्यात ऱ्हायली ती ध्यानातच आली नाय.”

दूर त्यांच्या घराच्या कौलांतून चुलीचा धूर येत होता. बाबांनी हात पुढे केला, तळवा वर, नेहमी करायचे तसा दोनदा खालीवर केला. तळव्यावर काहीच नव्हतं.

“ह्ये तरंगल का?”

ते कशाबद्दल विचारतायत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

“तरंगेल,” मी म्हणालो. “माझ्याकडून कुणाला कळणार नाही.”

वैशाखात सुनेचा कसाऱ्याच्या माणसाशी पाट लागला. घरातल्या घरात, दहाबारा माणसांत. कायद्याने ते कसं बसतं, हे मला विचारू नका. मी त्या दिवशी मुरबाडला मीटिंग काढली होती. गाव सोडून जाण्याआधी सून रहिवासी दाखल्यासाठी आली. मी सही करून दाखला पुढे केला, तरी ती उभीच.

“केवनी जळली का तिचा वास कापडातनं चार दिस जात नाय,” ती म्हणाली. “बाबा आलं तवा त्यांची कापडं मी धुतली.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती दाखल्याची घडी घालत होती.

“मी इचारलं नाय. तुमीबी कदी इचारू नका,” ती म्हणाली, आणि गेली.

बाबा नंतरही येत राहिले. पण वस्तू उचलायचे नाहीत. भिंतीला टेकून बसायचे, चहा प्यायचे. आजी त्यांच्या मागे लागली होती, मला ते ठिकाण दाखवा. एक दिवा लावून येते म्हणायची. बाबा आधी म्हणाले, पानी उतरू दे. मग म्हणाले, ऊन उतरू दे. मग म्हणाले, भात लावून जाऊ. पुढे ढकलायची ही रीत मी चांगली ओळखतो, आमचं ऑफिस त्यावरच चालतं. म्हातारा खंगत चालला होता हेही मला दिसत होतं. एकदा मी म्हणालो, बाबा, कुठलाही उंबर दाखवा ना. त्यांनी मान हलवली.

“सांगायचं येगळं,” ते म्हणाले. “बोट कसं दावू?”

भादव्यात तीन दिवसांच्या तापाने ते गेले. घरात, स्वतःच्या अंथरुणावर, बायको उशाशी. फरशीवर पाणी होतं म्हणून मला अंत्यविधीला पोचता आलं नाही. पाणी उतरल्यावर आलो आणि पहिलं काम ते केलं. नाव लिहिलं, वय लिहिलं. मृत्यूचे ठिकाण: राहते घर. दोन शब्द, पेन कुठे अडलं नाही. मग शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि मी रडलो.

दिवाळीनंतर आजी ऑफिसात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हातात कापडी पिशवी होती. खुर्ची दिली तरी खाली बसली.

“ते ठिकान तुमच्या बुकात लिवलेलं हाय,” ती म्हणाली. “मला घिऊन चला. आता दुसरं कोन दावनार?”

रजिस्टर आमच्या दोघांच्या मधे टेबलावरच होतं. तिला वाचता येत नाही. मी किल्ल्या उचलल्या आणि मोटरसायकल काढली.

टिटवाळ्याच्या अलीकडे मी दोन-तीन ठिकाणी रस्ता सोडून काठापर्यंत गेलो. कुठे भिंत, कुठे तार. शेवटी एक वीटभट्टी आणि एका फार्महाऊसची भिंत यांच्यामधून पाण्याकडे उतरणारी वाट मिळाली. त्या काठावर उंबर तीन होते. दोन वरच्या अंगाला. एकाच्या मुळ्या पाण्यात होत्या.

“ह्योच?” आजीने विचारलं.

बाबांना जे जमलं नव्हतं ते मला करायचं होतं. मी बोट दाखवलं.

“हाच.”

तिने खोडावर हात ठेवला. मग मुळांवर बसली आणि पिशवीतून ताट काढलं, मुलाचं, घासून लख्ख केलेलं. त्यात भाकरी आणि भाजलेली सुकट वाढली आणि पाण्याच्या कडेला ठेवलं. मी लांब उभा राहून वीटभट्टीकडे बघत होतो.

“सांगड कुठं जाळली?”

याचा मी विचारच केला नव्हता. उंबराच्या पलीकडे तीन काळे दगड होते, मधे राख. रविवारी कुणीतरी येऊन जेवण करून गेलेलं. मी पुढे झालो, बाटल्यांची बुचं बुटाने गवतात सारली आणि म्हणालो, “इथे.”

ती येऊन वाकली. बोटांनी राख चाळली. त्या राखेत तिला एक हाड मिळालं, बोटाच्या पेराएवढं. कोंबडीचं होतं. तिने ते तळहातावर घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

“वरीस झालं,” ती म्हणाली. “आजून हाय.”

मी मान हलवली. तिने हाड आणि चिमूटभर राख पदराच्या टोकात घेतली आणि गाठ मारली, मग त्यावर दुसरी.

“बुकात नीट लिवलंय ना, भाऊसाहेब?”

“लिहिलंय, आजी.”

परत येताना ती मागे एका बाजूला बसली होती. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताच्या मुठीत पदराची गाठ. गावाजवळ फरशी आली. पाणी बरंच खाली होतं, खडक उघडे पडले होते. तरी तिने माझा खांदा दाबला.

“हळू घ्या,” ती म्हणाली. “पोर हाय संगतीला.”

मी गाडी पहिल्या गिअरवर आणली आणि फरशी ओलांडली.